औषधाचा गुण कीं हातगुण?

एखाद्या वैद्याची कीर्ति सांगावयाची झाली कीं महाराष्ट्रांत 'त्याला हातगुण आहे' असें म्हणतात. या एका शब्दांत लोकांचें पुष्कळ शहाणपण सांठलेलें आहे. औषध तेंच असलें तरी तें कोणाच्या हातून, कोणत्या शब्दांबरोबर आणि किती आस्थेनें दिलें जातें, यावर रोग्याचें बरें वाटणें अवलंबून असतें, हें लोक अनुभवानें जाणतात. पण याच शब्दांत एक मोठा घोटाळाही दडलेला आहे. रोगी बरा झाला तो औषधानें, कीं वैद्याच्या आस्थेनें, कीं रोगाचा भर आपोआप ओसरल्यामुळें? कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली, तर कावळ्याच्या भारानें फांदी मोडली असें व्यवहारांत कोणी मानीत नाहीं. वैद्यकांत मात्र हाच तर्क शतकानुशतकें निर्वेधपणें चालत आला.

शरीराच्या कांहीं रोगांत निदान मोजमापाचा आधार असतो. ताप उतरला हें तापमापक सांगतो, हाड जुळलें हें क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसतें. मनाच्या रोगांत असें साधन नाहीं. रोगी शांत झाला, बोलूं लागला, जेवूं लागला, हें पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोंपवावें लागतें; आणि उपचार करणाऱ्याचा डोळा आपल्या उपचाराच्या बाबतींत फारसा निःपक्षपाती नसतो. म्हणूनच मनोरुग्णांच्या उपचारांत आणि शुश्रूषेंत 'पुरावा दाखवा' असें म्हणण्याची रीत उशिरा आली, आणि ती येतांना मोठा वादही झाला. त्या इतिहासांतील सर्वांत बोलकें प्रकरण इन्सुलिनच्या मूर्च्छेचें आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभीं युरोप-अमेरिकेंतील मनोरुग्णालयांची स्थिति उदास होती. इमारती भव्य, रोगी शेंकड्यांनीं आणि कांहीं ठिकाणीं हजारांनीं, आणि उपचार जवळजवळ शून्य. त्यांतही ज्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, म्हणतात तो रोग फार दुर्धर समजला जाई. हा रोग बहुधा ऐन तारुण्यांत गांठतो. नसलेले आवाज ऐकूं येतात, भलत्याच समजुती मनांत घर करतात, विचारांची सांगड तुटते. असा मुलगा किंवा मुलगी रुग्णालयांत पोंचविली कीं आईबाप बहुधा आशा सोडीत. सेवकांचें काम राखण करणें, खाऊं घालणें आणि दंगा झाल्यास आवरणें इतकेंच असे. अशा काळांत 'हा रोग बरा करतां येतो' असें कोणी छातीठोकपणें म्हटलें, तर त्या शब्दांची मोहिनी केवढी पडेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

असें म्हणणारा डॉक्टर म्हणजे मॅनफ्रेड साकेल (१९००–१९५७). इन्सुलिनचा शोध १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून लागला होता, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका मधुमेही मुलाला टोचण्यांत आलें. मधुमेह्यांना या औषधानें जीवदान दिलें. पण रक्तांतील साखर कमी करण्याचा त्याचा जो गुण, तोच मात्रा अधिक झाल्यास दोष ठरतो. अंगाला दरदरून घाम सुटतो, भूक खवळते, हातपाय कांपूं लागतात आणि शेवटीं माणूस बेशुद्ध पडतो. साकेल बर्लिनमध्यें मॉर्फिनच्या व्यसनांतून रोग्यांना सोडवीत असतां इन्सुलिनचा उपयोग करीत असे. क्वचित् मात्रा अधिक होऊन मूर्च्छा आली, तर शुद्धीवर आल्यानंतर रोगी अधिक शांत दिसतो, असें त्याला वाटलें. १९३३ सालीं तो व्हिएन्नास आला आणि तेथील विद्यापीठाच्या चिकित्सालयांत त्यानें छिन्नमनस्क रोग्यांना ही मूर्च्छा जाणूनबुजून आणण्यास आरंभ केला. नव्यानेंच आजारी पडलेल्यांपैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक रोगी सुधारले, असें त्यानें जाहीर केलें.

पद्धति अशी होती. सकाळीं रोग्याला उपाशीपोटीं इन्सुलिन टोचावयाचें आणि मूर्च्छा येईपर्यंत दिवसेंदिवस मात्रा वाढवीत न्यावयाची. मूर्च्छा साधली कीं ती सुमारें तासभर टिकूं द्यावयाची. मग नाकांतून घातलेल्या नळीनें साखरेचें पाणी पोटांत सोडून, किंवा शिरेंत ग्लुकोज टोचून, रोग्याला जागें करावयाचें. आठवड्यांतून पांच-सहा दिवस हा क्रम चाले, आणि एकेका रोग्याला अशा पन्नास-साठ मूर्च्छांतून जावें लागे. यांत धोका लहान नव्हता. मध्येंच आंचके येत. कधीं साखर देऊनही शुद्ध परत येत नसे, आणि आली तरी मेंदूला कायमची इजा होऊन येई. शेंकडा एक किंवा त्याहून अधिक रोगी या उपचारांत दगावत. मरणाऱ्यांत तरुण, अंगापिंडानें धडधाकट माणसें असत, हें विसरतां येत नाहीं.

या उपचाराचा खरा भार परिचारिकांवर असे. मूर्च्छेची पायरी ओळखणें, नाडी आणि श्वास पाहणें, डोळ्यांच्या बाहुल्या तपासणें, आंचके येतांच सावरणें, हीं कामें क्षणाचाही डोळा न चळतां करावीं लागत. दुपारीं किंवा संध्याकाळीं मूर्च्छा पुन्हां येण्याची भीति असल्यामुळें रोग्याला दिवसभर दृष्टिआड होऊं देतां येत नसे. म्हणून त्यांना एकत्र ठेवून खेळवीत, फिरावयास नेत, गप्पागोष्टींत गुंतवीत. शुद्धीवर येणाऱ्या रोग्याला जो पहिला चेहरा दिसे तो परिचारिकेचा. ती त्याला नांवानें हांक मारी, घामानें भिजलेले कपडे बदली, भुकेल्याला जेवूं घाली. शेजारच्या जुन्या वॉर्डांत शेंकडा रोग्यांमागें मूठभर सेवक असत. येथें थोड्या रोग्यांना निवडक, शिकलेल्या आणि उत्साही परिचारिका लाभत. शिवाय रोगी बरे होणारच, अशी त्या वॉर्डांत सर्वांची श्रद्धा असे.

हा उपचार झपाट्यानें पसरला. १९३६ सालीं इंग्लंडमधील सरकारी नियामक मंडळाच्या डॉक्टर इझाबेल विल्सन यांचा व्हिएन्नांतील प्रयोगांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. १९३७ सालीं स्वित्झर्लंडमध्यें म्युन्सिंगेन येथें नव्या उपचारांविषयीं डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. साकेल स्वतः अमेरिकेस गेला आणि तेथेंही इन्सुलिनचे वॉर्ड उघडले. त्या वेळच्या हिंदुस्थानांतील कांहीं मनोरुग्णालयांतही हा उपचार आला. पाठ्यपुस्तकांत त्याला मानाचें स्थान मिळालें, आणि इन्सुलिनचा वॉर्ड असणें हें पुढारलेल्या रुग्णालयाचें लक्षण समजलें जाऊं लागलें.

आतां कोणी विचारील कीं, इतक्या देशांतील इतक्या विद्वानांची फसगत कशी झाली? ते लबाड नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर रोगी खरोखरच सुधारत होते. पण कोणते रोगी? उपचार धोक्याचा, म्हणून प्रकृतीनें सशक्त असे निवडले जात. आणि जुन्या रोग्यांना गुण येत नाहीं असा समज असल्यामुळें नुकतेच आजारी पडलेले घेतले जात. अशा रोग्यांपैकीं बऱ्याच जणांचा रोग कांहीं काळ आपोआपही ओसरतो. म्हणजे शर्यतींत आधींच पुढें असलेल्या घोड्यांना नवा चारा घालून, ते चाऱ्यामुळें जिंकले असें म्हणण्यासारखें हें झालें. त्या निवडक रोग्यांची तुलना मागील काळांतील किंवा उपेक्षित वॉर्डांतील रोग्यांशीं केली, कीं शेंकडेवारी डोळे दिपवील यांत नवल काय?

यावर उपाय काय, हें दुसऱ्याच एका रोगानें दाखवून दिलें होतें. १९४८ सालीं इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन मंडळानें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध केला. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनीं तिची आंखणी केली होती. औषध थोडें आणि रोगी फार अशी स्थिति होती. तेव्हां कोणाला औषध द्यावें हें डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडतां, चिठ्ठ्या टाकाव्या तसें केवळ योगायोगावर ठरविण्यांत आलें. ५५ रोग्यांना औषध आणि बिछान्यांतील विश्रांति मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांति. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांत ४ मृत्यु झाले होते, दुसऱ्यांत १४. दोन्ही गट आरंभीं सारखे होते, म्हणून या फरकाचें श्रेय औषधाला देतां आलें. उपचाराचा गुण ओळखण्याची कसोटी यांतून वैद्यकाच्या हातीं आली. पण मनोरुग्णालयांच्या दारांतून आंत शिरण्यास तिला आणखी कांहीं वर्षें लागलीं.

१९५३ च्या नोव्हेंबरांत 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकांत हॅरल्ड बोर्न नांवाच्या तरुण डॉक्टराचा लेख आला. इन्सुलिनचा महिमा ही एक दंतकथा आहे, असें मथळ्यांतच सुचविण्याचें धाडस त्यानें केलें होतें. रोग्यांच्या निवडींतील दोष, सारख्या गटांच्या तुलनेचा अभाव आणि खास वॉर्डांतील खास वागणुकीचा परिणाम, हे तीन मुद्दे त्यानें मांडले. लगेच विरोधाचीं पत्रें आलीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें हे वॉर्ड चालविले होते, त्यांना आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें वाटावें? रोगी बरे होतांना ज्यानें पाहिले नाहींत, त्यानें शंका काढाव्या, असा त्यांचा सूर होता. एका बाजूला अनुभव, दुसऱ्या बाजूला तर्क. निकाल देणारा पुरावा अजून कोणाच्याच हातीं नव्हता.

तो पुरावा १९५७ सालीं आला. ब्रायन ॲक्नर, आर्थर हॅरिस आणि ए. जे. ऑल्डहॅम यांनीं त्याच साप्ताहिकांत आपल्या चाचणीचा निकाल छापला. त्यांची योजना साधी आणि मार्मिक होती. रोग्यांचे दोन गट योगायोगानें पाडले. एका गटाला नेहमीप्रमाणें इन्सुलिननें मूर्च्छा आणली. दुसऱ्या गटालाही बेशुद्ध केलें, परंतु तें इन्सुलिननें नव्हे, तर बार्बिट्युरेट जातीच्या झोंपेच्या औषधानें. बाकी सारा क्रम, देखरेख आणि शुश्रूषा दोघांनाही तीच. इन्सुलिनमध्यें खास गुण असेल, तर पहिला गट पुढें जावयास पाहिजे होता. तसें घडलें नाहीं. दोन्ही गटांत फरक दिसला नाहीं, आणि पुढें तीन वर्षांपर्यंत त्या रोग्यांचा मागोवा घेऊन १९६२ सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यानेंही इन्सुलिनचा पक्ष सांवरला नाहीं. या उपचारपद्धतीचा जो कांहीं लाभ असेल तो असो, पण त्याचें कारण इन्सुलिन नव्हे, असा निष्कर्ष निघाला.

या निष्कर्षाचे अर्थ दोन होतात, आणि दोन्ही लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. पहिला अर्थ कठोर आहे. वीस वर्षांहून अधिक काळ तरुण रोग्यांना मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन परत आणलें गेलें, कांहींना परत आणतां आलें नाहीं, आणि त्या धोक्याच्या मोबदल्यांत त्यांना इन्सुलिनकडून कांहींच मिळत नव्हतें. १९३३ मध्येंच दोन सारखे गट पाडून पाहिलें असतें, तर कित्येक प्राण वांचले असते. दुसरा अर्थ सौम्य आहे, पण कमी महत्त्वाचा नाहीं. रोगी सुधारले होते ते कशानें? कांहीं आपोआप सुधारले असतील. पण कांहींच्या सुधारण्यांत त्या वॉर्डाचा, तेथील सोबतीचा, आशेचा आणि अहोरात्र जपणाऱ्या परिचारिकांचा वांटा असावा, अशी शंका पुष्कळांना आली. ज्याला सर्वजण औषधाचा गुण समजत होते, तो कदाचित् हातगुणच होता. मात्र ही शंकाच होती. एका चाचणीनें इन्सुलिनचा दावा खोडला. शुश्रूषेचा दावा सिद्ध होण्यासाठीं तिचीही निराळी परीक्षा व्हावयास पाहिजे होती.

इन्सुलिनचे वॉर्ड निकाल छापून येतांच बंद पडले, असेंही नाहीं. पॅरिसमध्यें १९५२ सालीं डिले आणि डेनिकर यांनीं क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग केला होता. तें देण्यास सोपें आणि मूर्च्छेपेक्षां पुष्कळच निर्धोक ठरल्यामुळें जुनी पद्धति हळूहळू मागें पडली. तरी १९६१ सालीं, म्हणजे चाचणीच्या निकालानंतर चार वर्षांनीं, पुढें नोबेल पारितोषिक मिळविणारे गणिती जॉन नॅश यांना अमेरिकेंतील ट्रेन्टन येथील सरकारी रुग्णालयांत याच मूर्च्छांतून जावें लागलें. पुरावा जन्माला येणें आणि तो व्यवहारांत उतरणें, यांत बराच काळ जातो.

शुश्रूषेच्या परीक्षेचें काम पुढें परिचारिकांनींच हातीं घेतलें. अमेरिकेंतील हिल्डेगार्ड पेप्लाउ या परिचारिकेनें रोगी आणि परिचारिका यांच्यांतील नातें हेंच मनोरुग्ण-शुश्रूषेचें मुख्य साधन आहे, असें प्रतिपादणारा ग्रंथ १९४८ सालींच लिहून पुरा केला होता. पण सहलेखक म्हणून एखाद्या डॉक्टराचें नांव नसतां परिचारिकेनें असा ग्रंथ छापावा, हें त्या वेळीं रूढीला मानवलें नाहीं. तो निघण्यास १९५२ साल उजाडलें. त्यानंतर वीस वर्षांनीं ॲनी आल्टशुल या विदुषीनें एक पाऊल पुढें टाकलें. त्या मूळच्या व्हिएन्नाच्या. १९३८ सालीं नाझी राजवटीपासून सुटून इंग्लंडला आल्या आणि परिचारिका झाल्या. परिचारिका रोग्यांशीं प्रत्यक्षांत किती आणि कसें बोलतात, हें वॉर्डांत बसून त्यांनीं टिपलें. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांतून असें दिसलें कीं, परिचारिका सद्भावनेनें आणि व्यवहारबुद्धीनें वागत. परंतु त्या वागण्यामागें निश्चित विचाराची बैठक क्वचितच असे. आपल्याच व्यवसायाविषयीं असें निर्भीड निरीक्षण मांडणें, ही पुराव्याची पहिली शिस्त होय.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं या साऱ्या विचाराला 'पुराव्यावर आधारलेलें वैद्यक' असें नांव दिलें. ज्या ऑन्टारिओ प्रांतांत इन्सुलिन सांपडलें, त्याच प्रांतांत हें नांव रूढ व्हावें, हा एक सुंदर योगायोग आहे. या विचाराचे तीन पाय सांगितले जातात: उत्तम संशोधनाचा पुरावा, उपचार करणाऱ्याचा अनुभव आणि रोग्याची स्वतःची इच्छा. तिन्हींपैकीं एक जरी काढला तरी तिवई कलंडते. १९९८ सालीं मनोविकार आणि शुश्रूषा या दोन्ही विषयांत अशा पुराव्याला वाहिलेलीं स्वतंत्र नियतकालिकें निघालीं.

शुश्रूषा अशा कसोटीला लावतां येते काय, या प्रश्नाचें एक उत्तर २०१५ सालीं लंडनमधून आलें. लेन बॉवर्स आणि त्यांचे सहकारी यांनीं १५ रुग्णालयांतील ३१ मनोरुग्ण-वॉर्ड घेऊन त्यांचे योगायोगानें दोन गट पाडले. एका गटांतील वॉर्डांत दहा साध्या रीती सुरू केल्या. रोग्याला नाहीं म्हणावयाचें असतां शब्द सौम्य कसे वापरावे. वाईट बातमी कळलेल्या रोग्याजवळ आधींच जाऊन कसें बसावें. कामाची पाळी बदलतांना रोग्याविषयीं एखादी चांगली गोष्ट कशी सांगावी. घरीं जाणाऱ्या रोग्यानें मागें राहणाऱ्यांसाठीं धीराचे दोन शब्द कसे लिहून ठेवावे. अशा त्या रीती. दुसऱ्या गटांत कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या आरोग्याविषयींचा कार्यक्रम राबविला, म्हणजे उत्साहाचा भाग दोन्हीकडे राहील. पहिल्या गटांतील वॉर्डांत भांडणें, मारामाऱ्या, पळून जाणें असे प्रसंग शेंकडा १५ नीं कमी झाले. रोग्याला धरून ठेवणें, कोंडणें असे उपाय करण्याची वेळ शेंकडा २६ नीं कमी आली. गोड शब्दांचें सामर्थ्य प्रत्येक घरांतील वडीलधारें माणूस सांगतच असतें. पण कोणते शब्द, केव्हां आणि किती उपयोगी, हें मोजून दाखविल्यावर तें केवळ सुभाषित न राहतां कामाची रीत बनतें, आणि नव्या परिचारिकेला शिकवितां येतें.

हा इतिहास भारताला दूरचा नाहीं. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला, तेव्हां चाळीस कोटी लोकसंख्येच्या या देशांत मनोरुग्णांसाठीं सुमारें दहा हजारच खाटा होत्या, आणि शिकलेल्या परिचारिका फारच थोड्या. जेथें माणूसबळ अपुरें, तेथें परिचारिकेचा प्रत्येक तास मोलाचा. तो निरुपयोगी उपचारावर खर्ची पडला, तर दुसऱ्या कोणा रोग्याच्या वांट्याची शुश्रूषा जाते. घरांत मनोरुग्ण असलेल्या कुटुंबाची गोष्टही अशीच आहे. कोणी मंत्रतंत्र सुचवितो, कोणी अमक्याचा हटकून गुण येणारा काढा सांगतो, कोणी नव्या यंत्राची जाहिरात दाखवितो. अशा वेळीं 'कोणाला गुण आला?' एवढेंच विचारून भागत नाहीं. 'हा उपचार न घेतलेल्या तशाच रोग्यांचें काय झालें?' हा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. व्हिएन्नांत तो वेळीं विचारला गेला नाहीं, आणि त्याची किंमत रोग्यांनीं दिली.

पुरावा मागणें म्हणजे करुणेवर अविश्वास दाखविणें, असा एक गैरसमज आहे. इन्सुलिनच्या वॉर्डांत करुणेची वाण नव्हती. परिचारिकांनीं तेथें जिवापाड मेहनत केली. पण ती मेहनत ज्या सुईच्या सेवेला जुंपली होती, ती सुई निष्फळ होती, आणि हें करुणेला एकटीला कळणें शक्य नव्हतें. तें कळावयास दोन सारखे गट, एक प्रामाणिक नोंदवही आणि निकाल कसाही लागो तो छापण्याचें धैर्य लागलें. हातगुण खराच असेल, तर त्याला मोजमापाचें भय नाहीं. आणि तो मोजून सिद्ध झाला, तर एका हाताचा न राहतां तो अनेकांच्या हातीं जातो.